दुधाच्या दातांवर फ्लोराइडचा लेप
दातांना चिकटलेल्या साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कठीण बाह्यकवच, म्हणजे एनॅमल, झिजवते. फ्लोराइडमुळे या कवचात खनिजे पुन्हा बसतात, म्हणून दंतवैद्य साधारणतः दर सहा महिन्यांनी मुलांच्या दातांवर 5 टक्के सोडियम फ्लोराइडच्या वॉर्निशचा पातळ लेप कुंचल्याने लावतात. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव परिसरात जेथे विंधनविहिरीचे पाणी पितात, तेथे मात्र आधी पाणी तपासून घेणे शहाणपणाचे, कारण लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वाढत्या वयात पोटात जात राहिले तर दातांवर कायमचे पांढरे-तपकिरी डाग पडतात. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांचे दातही पाहतात. टूथपेस्ट तीन वर्षांखालील बाळास तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, जाहिरातीतला भलामोठा गोळा नव्हे.