उसन्या संध्याकाळी

(अहमदनगर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर आजचा विषय 'मंडळीची सेवा, संसार आणि लहान धंदा यांचा समतोल' असा छापला आहे. पत्रिका माझ्याच छापखान्यात छापली गेली, मुद्रिते मीच तपासली, तेव्हा अक्षरांची जबाबदारी माझी. परंतु 'समतोल' हा शब्द व्याख्यानमालेच्या चालकांनी योजलेला आहे आणि तो मला मान्य नाही, हे आरंभीच नम्रपणे सांगतो. तराजूला पारडी दोनच असतात. तीन गोष्टी तोलायच्या झाल्या म्हणजे तराजू निरुपयोगी ठरतो आणि वही उघडावी लागते. चाळीस वर्षे मी एक लहानसा छापखाना चालवीत आलो, त्यातली सव्वीस वर्षे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांत बसलो, आणि या साऱ्या काळात एकाच गोष्टीविषयी माझी खात्री पटली, ती अशी की ज्याला आपण सेवा म्हणून देवाच्या दरबारी आपल्या नावे जमा करतो, ती रक्कम बहुधा आपल्या घरातून उसनी काढलेली असते, आणि आपल्या रोजकिर्दीत तिची नोंद कोठेही नसते. जमा आहे तेथे नावे असलेच पाहिजे. हे बाजारपेठेतल्या पोरसवदा कारकुनालाही कळते. मंडळीच्या पंचांना ते कळू नये, याचे मला दुःख आहे.

आता थोडा पूर्वेतिहास. 1831 च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनने नगरात ठाणे कसे घातले, 1842 साली याच गावातून 'ज्ञानोदय' कसा निघू लागला, या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आला आहात. त्यांत वेळ घालवीत नाही. मला हवे आहे ते 1854 साल. त्या साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा एतद्देशीय गृहस्थांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. आणि त्याच सुमारास बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीस आले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा, हे त्यांचे सूत्र होते. सूत्र उदात्त होते, यात शंका नाही. परंतु ज्या मंडळीतले बहुसंख्य लोक गावकीच्या बलुत्यावर कसेबसे जगत होते आणि धर्मांतरानंतर त्या बलुत्याचीही शाश्वती ज्यांना उरली नव्हती, त्यांनी पाळकाचा पगार कोठून आणावा? म्हणून हाताला काम देणाऱ्या शाळा निघाल्या. 1899-1900 च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले गालिचे विणू लागली, सुतारकी आणि धातुकाम शिकू लागली. आणि पुढे चर्चिल नावाच्या अभियंता मिशनऱ्याने या नगरातच हातमागाची सुधारणा हाती घेतली. त्या मागाविषयी मी बरीच टिपणे आणली आहेत. वेळ उरला तर सांगेन.

सांगायचे ते असे, की नगरच्या ख्रिस्ती समाजातला लहान कारागीर आणि लहान दुकानदार यांचा पिंड मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहावी याच उद्देशाने घडविला गेला. आणि म्हणून त्याच्या कमाईवरच नव्हे, तर त्याच्या वेळेवरही मंडळीचा हक्क आहे असे सर्वांनी, आणि त्यानेही, मुकाट्याने धरून चालावे, हे स्वाभाविकच झाले. नोकरदाराची वेळ साहेबाची, शेतकऱ्याची पावसाची. दुकानदाराची मात्र कोणाचीच नाही, तेव्हा ती मंडळीची. पंच निवडायचे झाले की नजर त्याच्याकडे वळते. शब्बाथशाळेचा हिशेब त्याच्याकडे, छपराच्या दुरुस्तीची वर्गणी त्याच्याकडे, प्रेतयात्रेची व्यवस्था त्याच्याकडे, दोन घरांतले भांडण मिटवायचे झाले तरी मध्यस्थी त्याच्याकडेच.

येथे एक घरगुती हकीकत सांगण्याची परवानगी मागतो. ती थोडक्यात सांगावी असा माझा मानस आहे.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. छापणाऱ्याला हा महिना म्हणजे सुगी. एकीकडे नव्या वर्षाची कॅलेंडरे, दुसरीकडे मार्गशीर्षातल्या लग्नपत्रिका. आणि मंडळीत नाताळची तयारी, भजनी मंडळाची तालीम, वार्षिक अहवाल, त्याची जुळणी आणि छपाई अर्थातच विनामूल्य. महिना संपला आणि एक तारखेला सकाळी आमचा भिंगारचा गवळी दुधाचे पैसे मागायला ओसरीवर आला. त्याने एकतीस दिवसांचा हिशेब सांगितला. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले, तर त्यावर पेन्सिलीने काढलेली लहान लहान शून्ये. मोजली, सतरा भरली. दुधाचा खाडा झाला की कॅलेंडरावर खूण करायची, ही आपल्या घरोघरची चाल. तेव्हा मला राग आला. सतरा दिवस न येता पूर्ण महिन्याचे पैसे मागतो म्हणून मी त्या म्हाताऱ्या माणसाला नको ते बोललो. तो बिचारा गळ्याची शपथ घेऊन म्हणाला, "मालक, एक दिस बी खाडा न्हाई, बाईंना इचारा." तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ते त्यांचे खाडे नाहीत. तुमचे आहेत." एवढे बोलून त्यांनी पदरच्या गाठीतून पैसे काढले, गवळ्याला एकतीस दिवसांचे पुरते मोजून दिले आणि त्या आत गेल्या.

(हशा)

आपण हसलात, त्याचे मला काही वाटत नाही. परंतु मी त्या दिवशी हसलो नव्हतो. ज्या ज्या रात्री माझे ताट झाकून ठेवावे लागले आणि मुले माझी वाट पाहून झोपी गेली, त्या त्या तारखेवर तिने शून्य काढले होते. भांडण नाही, तगादा नाही, नुसती नोंद. त्या रात्री छापखाना बंद करून मी माझी रोजनिशी काढली आणि मेळ घालू लागलो. तेरा तारखा मंडळीच्या निघाल्या; त्या माझ्या रोजनिशीत 'प्रभूची सेवा' म्हणून मोठ्या समाधानाने लिहिलेल्या होत्या. तीन छापखान्याच्या. एक तारीख मात्र काही केल्या जुळेना. दोन दिवसांनी आठवले, की त्या रात्री तालीम आठ वाजताच आटोपली होती आणि मी फाटकाशी उभा राहून आणखी दोघा पंचांबरोबर वेदीच्या नव्या पडद्याचा रंग कोणता असावा यावर साडेदहापर्यंत बोलत होतो.

आणखी एक गोष्ट. माझी धाकटी मुलगी त्या महिन्यात वाचायला शिकली. छापखान्यातून चुकीच्या मुद्रितांचे कागद घरी जात, त्यांच्या पाठीवर मुले चित्रे काढीत. तिने ते उलटून अक्षराला अक्षर लावीत अख्खी लग्नपत्रिका वाचून काढली होती. मला हे कळले जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शेजारणीकडून. अक्षरे जुळविणे हा माझा धंदा. माझ्या घरात पहिल्यांदा अक्षरे जुळली तेव्हा मी जागेवर नव्हतो. याची भरपाई कोणत्या खात्यातून करावी, हे मला आजही ठाऊक नाही.

(काही क्षण थांबून) क्षमा करा. हकीकत लांबली.

आमच्यात कोणी स्वतःच्या धंद्यावर जगून सेवा करू लागला, की त्याला लागलीच पौलाचा दाखला देतात. करिंथात पौल तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे आणि सुवार्ता सांगत असे, हे खरे. परंतु पौलाची वाट पाहणारे घर नव्हते, हे सांगायचे राहून जाते. ज्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी तो उतरला, त्यांच्याकडे मात्र तिन्ही गोष्टी होत्या: तोच तंबूंचा धंदा, नवराबायकोचा संसार, आणि त्यांच्याच घरात भरणारी मंडळी. नव्या करारात या दांपत्याचा उल्लेख सहा ठिकाणी येतो आणि सहाही ठिकाणी दोघांची नावे बरोबर येतात. त्यांतल्या काही ठिकाणी तर प्रिस्किल्लेचे, म्हणजे पत्नीचे, नाव आधी. दुकान, घर आणि उपासना एकाच छपराखाली होती, म्हणून तेथे कोणाचे ताट झाकून ठेवावे लागले नसेल, असे मला वाटते. आमच्या प्रवचनांत पौल वर्षातून वीस वेळा येतो. प्रिस्किल्ला एकदाही येत नाही.

जे बंधू ख्रिस्ती नाहीत, त्यांना हा आमच्या घरातला प्रश्न वाटू नये म्हणून देहूच्या वाण्याची आठवण देतो. तुकोबांची दुकानदारी बुडाली, कर्जखते इंद्रायणीत गेली, भंडाऱ्याच्या डोंगरावर भजन चालले. आणि परंपरा सांगते की त्यांची पत्नी जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे. तिला आपण कजाग ठरविले. धनको तगादा करू लागला की ऋणको त्याला कजागच म्हणतो.

आणि नगरात उभे राहून हा विषय बोलायचा, तर टिळकांच्या घराशी येऊन थांबल्यावाचून गत्यंतर नाही. नारायण वामन टिळकांची काव्यसेवा आणि धर्मसेवा यांविषयी माझ्या मनात असलेला आदर शब्दांत मावणारा नाही. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरास येऊन राहिले, 1904 साली त्यांना दीक्षा मिळाली, आणि 1917 साली मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारायला गेले. दोनच वर्षांनी, 1919 साली, ते निवर्तले. वेतन सोडणाऱ्याचा त्याग आपण सर्वांनी वाखाणला, तो योग्यच आहे. परंतु पगार सुटतो तेव्हा तो कोणाच्या चुलीवरून उतरतो? पतीच्या बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षांची ताटातूट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली. पुढे स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी, 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या. आल्यागेल्याचा आणि आश्रितांचा तो अखंड राबता त्यांनी सांभाळला. आणि पतीच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच तडीस नेले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ला लोक आत्मचरित्र म्हणतात, विनोदाची खाण म्हणतात. मी चार वेळा वाचले, आणि प्रत्येक वेळी मला ती एका घराची खतावणी वाटली. धनकोने स्वतःच्या हाताने लिहिलेली, एकाही कलमावर व्याज न लावलेली. टिळकांची सेवा ज्या भांडवलावर उभी होती, त्याचा एवढा सविस्तर दस्तऐवज मराठीत दुसरा नाही. आमच्या सभागृहांत टिळकांचे तैलचित्र लावतात. शेजारी लक्ष्मीबाईंचे लावा, असे मी पंचांना दोनदा लेखी कळविले आहे.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) अध्यक्षमहाराज दहा मिनिटे उरली असे कळवितात. तेव्हा चर्चिलच्या मागाची टिपणे तशीच ठेवतो.

पहिल्या रांगेत माझ्या मंडळीतले एक वयोवृद्ध बंधू बसले आहेत. मघाशी सभागृहात शिरताना त्यांनी माझा हात धरून विचारले, की सेवेला हिशेब लावणे हे श्रद्धेला शोभते काय? देवाला दिले ते दिले. त्याची कीर्द कशाला? प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे, आणि मी सेवेच्या विरुद्ध बोलतो आहे असा समज पसरला आहे, हेही मला ठाऊक आहे. सेवेच्या विरुद्ध मी कधी बोललो नाही. मी दशांश देणारा माणूस आहे आणि मरेपर्यंत देईन. परंतु मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय घरी जाऊन अवश्य काढावा. आईबापांना जे द्यायचे ते मी 'कुर्बान' केले, देवाला अर्पण केले, आता मी त्यांना काही लागत नाही, असे म्हणणाऱ्यांवर प्रभूने केवढा कडक ठपका ठेवला आहे! अर्पण खोटे होते असे तो म्हणत नाही. जे मुळात दुसऱ्याचे देणे होते, ते देवाच्या नावावर खर्ची टाकले, हा तो अपराध. मी मंडळीला तेरा संध्याकाळी अर्पण केल्या. त्या माझ्या नव्हत्याच.

म्हणून त्या जानेवारीत मी छापखान्याच्या खतावणीत एक नवे पान उघडले आणि वर लिहिले, 'घर खाते'. जी संध्याकाळ मंडळीसाठी किंवा धंद्यासाठी घेतली, ती त्या पानावर माझ्या नावे पडते. आणि महिनाअखेरच्या मुदतीत ती फेडावी लागते, दिवसाउजेडी, दुकान बंद ठेवून, गिऱ्हाईक परत गेले तरी. एका फेब्रुवारीत एका मोठ्या पत्रिकेचे काम त्यापायी गेले. पंचांच्या सभेतून आठाच्या ठोक्याला मी उठतो. आरंभी काहींना तो उद्धटपणा वाटला, दोघे वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि त्याचे मला वाईटही वाटले. आता सभा साडेसातलाच आटोपते. वार्षिक अहवालाच्या शेवटी आभाराच्या पानावर पंचांच्या नावांखाली त्यांच्या घरच्यांची नावे छापण्याचा माझा ठराव मात्र तीनदा फेटाळला गेला. चौथ्यांदा मी तो या जूनच्या सभेत मांडणार आहे. सभासदांपैकी जे येथे बसले आहेत, त्यांनी त्याला अनुमोदन द्यावे, अशी या व्यासपीठावरून उघड विनंती करतो. छपाई आणि कागद माझा.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवावा अशी चालकांची इच्छा होती. त्यांची क्षमा मागतो. ज्यांना विचारायचे असेल त्यांनी उद्या सकाळी दहानंतर छापखान्यात यावे, चहा घेऊ आणि चर्चिलच्या मागाची टिपणेही दाखवीन. आज माझ्याने थांबवणार नाही. या महिन्यात तीन संध्याकाळी आधीच नावे पडल्या आहेत, ही चौथी. आणि घरी मी नऊची मुदत दिलेली आहे.