वाट दाखवणाऱ्यांचं स्वागत

या संमेलनाला राज्यभरातून आलेले वन्यजीव अभ्यासक, वनाधिकारी, पशुवैद्यक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

चंद्रपूरकरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करतो. १९५५ साली ताडोबा हे आपल्या राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या अंगणात आज आपण जमलो आहोत.

मी वनखात्यात नोकरी केली. पहिल्याच वर्षी एका वयस्क वनमजुरांनी मला पाणवठ्याकाठच्या ओल्या मातीत उकिडवं बसवलं. समोर ठसा होता. चार बोटं, मागे तळव्याची गादी, तिच्या मागच्या कडेला तीन गोलसर भाग. “साहेब, नखं दिसतात का?” नव्हती दिसत. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, एवढं मी वाचलेलं होतं. पण ठशाच्या कडा अजून ढासळल्या नाहीत, आत पाणी झिरपलेलं नाही, म्हणजे जनावर आत्ताच इथून गेलंय, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग दंडाला धरून मला हळूच मागे घेतलं. तो दिवस माझ्या नोकरीतला खरा पहिला दिवस.

असंच आपले वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांचं. ते कोइमतूरला रीतसर वनशिक्षण घेऊन आले होते. तरी नवेगावबांधला तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांकडून ते रान नव्याने शिकले, आणि हे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानलं. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आज या सभागृहात त्यांची फार आठवण येते आहे.

असा वाट दाखवणारा प्रत्येकाला वेळेवर भेटत नाही. मी शिकत असताना मार्गदर्शन मागायला एका संस्थेला तीन पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. आज तशीच पत्रं ई-मेलने तुमच्याकडे येतात. कामाच्या रगाड्यात ती मागे पडतात, हे मला ठाऊक आहे. तरीही दोन ओळींचं उत्तर द्या, ही कळकळीची विनंती. आणि त्या उत्तरात या कामाबद्दल खरं तेच सांगा. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना ट्रॅप कॅमेरे लावावे लागतात, आणि नंतर ते हजारो फोटो कुणीतरी खोलीत बसून निवडायचे असतात. विष्ठेतले केस धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतात. गावात वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर त्याच्या घरी जाऊन ओसरीवर बसायचं असतं. मुलांना हे आधी कळलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा अभ्यासक्रम, लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा, ही माहिती शहरातल्या मुलांना असते. आईबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या मुलीला कुठल्या झाडावर अस्वल चढतं ते पक्कं माहीत असतं, पण अर्ज कुठे करायचा ते सांगणारं तिला कुणी भेटत नाही. तिला शोधत तुम्हालाच जावं लागेल. आसपासच्या गावांतले असे काही विद्यार्थी आम्ही आग्रहाने बोलावले आहेत. ते मागच्या रांगांत बसले आहेत. त्यांनी पुढे यावं, खुर्च्या मोकळ्या आहेत.

नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पुढच्या वर्षभरात कुठल्या महिन्यात, किती विद्यार्थ्यांना कामावर सोबत न्याल, ते तीत नावानिशी लिहा. शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांनी आपली नावं घालावीत. दुपारच्या जेवणाआधी ती वही भरावी, एवढंच स्वागत समितीचं आपल्याकडे मागणं आहे.