दोन हिवाळे उभी राहिलेली मोटरसायकल



मार्चमध्ये ग्रुपवर मी मोटरसायकलच्या सोडवलेल्या कार्ब्युरेटरचा फोटो टाकला, तेव्हा तुमच्यापैकी निम्म्यांनी उत्तर दिलं होतं, 'धक्का मार!' संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' हा विषय दिलाय, पण मी त्या धक्क्याचंच उत्तर देणार आहे.

मी म्युनिकजवळ राहते. जर्मनीत पुष्कळ मोटरसायकलींना हंगामी नंबरप्लेट असते. पाटीच्या कडेला वर 04, खाली 10 असं छापलेलं असलं, की गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच चालवायची. उरलेले महिने ती तळघरात. शेजारच्या आजोबांची पाचशे सीसीची जुनी जपानी गाडी तर गुडघेदुखीमुळे सलग दोन हिवाळे आणि मधला उन्हाळाही उभी होती. एका वर्कशॉपने फोनवरच सांगितलं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होईल, भंगारात द्या. आजोबा मला म्हणाले, "सुरू झाली तर तुझी. नाहीतर शनिवारी भंगारवाला येतोय." तो सोमवार होता.

विज्ञानाच्या बाई इथे समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान वेगळं लिहायला लावायचात आणि एकत्र लिहिलं की पान फाडायचात. 'गाडी सुरू होत नाही' हे तुम्ही निरीक्षण म्हणून चालवून घेतलं नसतं. स्टार्टर फिरतो का? फिरून इंजिन पेट घेत नाही, की फिरतच नाही? हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल बघून बटण दाबलं. नुसतं 'टक'. बॅटरी 11.2 व्होल्ट. चांगली भरलेली बॅटरी 12.6च्या पुढे दाखवते. रात्रभर हळू चार्ज केल्यावर मीटर 12.5 दाखवायला लागला, आणि इथेच माणूस फसतो. बटण दाबताना मीटर बघितला तर काटा 8च्या खाली! भार पडला की बसते, म्हणजे बॅटरी संपलेली. नवी आणली.

आता स्टार्टर जोरात फिरू लागला, पण इंजिन ढिम्म. दोन्ही प्लग काढले. प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवला, स्टार्टर मारला, निळी ठिणगी दिसली. (हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको, आणि प्लगच्या भोकापासून लांब राहायचं.) म्हणजे वीज ठीक. पण चोक ओढून एवढा वेळ फिरवूनही प्लगची टोकं कोरडी होती. सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच. पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नव्हतं.

कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला, तर तपकिरी चिकट थेंब आले, वास जुन्या वॉर्निशचा. पेट्रोल साठून राहिलं की त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग आधी उडून जातो आणि मागे चिकटा उरतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, ते पार बुजलं होतं. त्यात तार घालायचा मोह होतो, पण जेट मऊ पितळेचं. भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकलं. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाकलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं सीटच्या फोमचं घर केलं होतं, त्यालाही निरोप दिला.

तेव्हा मंडळी, धक्का मारला असता तर बॅटरीची उणीव कदाचित भागली असती, पेट्रोल कुठून आलं असतं? इथेही हे लागू आहे. गाडी महिनोन्‌महिने बंद ठेवून मुलांकडे परदेशी जाणार असाल, तर कार्ब्युरेटर रिकामा करा आणि बॅटरीची वायर सोडा. आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं.

शुक्रवारी संध्याकाळी नवं पेट्रोल घालून कॉक 'प्राइम'वर केला, वाट्या भरू दिल्या. आधी एकच सिलिंडर पेटला, फटफट, भरपूर धूर, मग दुसरा. आवाज ऐकून आजोबा काठी टेकत खाली आले. बराच वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डावी बाजू अजून किंचित कमी आहे." भंगारवाल्याला फोन त्यांनीच केला.