अकोल्याचा पारा, उप्सालाचं घड्याळ

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की तो आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो. माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत एकच विषय चालतो, आज किती अंश? ज्याच्या नावाचे हे अंश, तो माणूस स्वीडनमधल्या उप्साला गावचा. आंडर्स सेल्सियस यांचा जन्म तिथे १७०१ साली झाला आणि तिथल्याच विद्यापीठात ते खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. १७४२ मध्ये त्यांनी शंभर भागांचं माप मांडलं, पण ते आजच्या नेमकं उलटं होतं. पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. त्या हिशेबानं अकोल्याचे ४५ अंश म्हणजे ५५ झाले असते, आणि ऊन तापेल तसा आकडा खाली उतरत गेला असता! सेल्सियस १७४४ मध्ये वारले, त्यानंतर माप सुलट झालं. त्यांच्या वेधशाळेचं घर आजही उप्सालाच्या बाजारपेठेत, रस्त्याला तिरकं उभं आहे.

वऱ्हाडातला एखादा मुलगा किंवा मुलगी सहा महिन्यांसाठी या गावात शिकायला गेली, तर तिच्या वाट्याला काय येतं, ते आज पाहायचं आहे.

वऱ्हाडाला स्वीडन अगदीच परकं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला गेलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. तेच मंडळ १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या दुसऱ्या लिंगियाडलाही गेलं होतं. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षकांची संस्था काढली. जुन्या शाळांमधली ‘स्वीडिश ड्रिल’ त्यांचीच. त्यांच्या स्मरणार्थ भरलेला हा मेळावा. मल्लखांबाच्या मातीतली पोरं तिथे पोचली, तीही स्वातंत्र्य मिळून जेमतेम दोन वर्षं झाली असताना, ही गोष्ट अमरावतीत आणखी अभिमानानं सांगितली जायला हवी.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे वळू. एक्स्चेंज म्हणजे दोन विद्यापीठांमधला करार. विद्यार्थी फी आपल्याच विद्यापीठात भरतो, तिकडे एक सत्र शिकतो आणि तिथले गुण इकडे धरले जातात. स्वीडननं २०११ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क लावलं, पण करारावर आलेल्याला ते द्यावं लागत नाही. राहण्याखाण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याला. तिथे राहण्याच्या परवान्यासाठी दरमहा दहा हजार क्रोनरांहून अधिक रक्कम खात्यात दाखवावी लागते, आणि कापसाच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं त्या घराला हा आकडा फार मोठा आहे. म्हणून शिष्यवृत्तीची चौकशी आधी, विमानाच्या तिकिटाची नंतर.

उप्साला विद्यापीठ १४७७ चं. कृषी शाखेच्या विद्यार्थ्यासाठी गावाच्या दक्षिणेला उल्तुना इथे स्वीडनचं कृषी विद्यापीठ आहे, ते १९७७ चं. आपलं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्याहून आठ वर्षांनी थोरलं.

पहिला गोंधळ होतो तो घड्याळाचा. वेळापत्रकात दहा वाजता तास लिहिलेला असतो. मुलगी पावणेदहालाच जाऊन बसते. दहा वाजतात, वर्गात कोणी नाही. बरोबर सव्वादहाला प्राध्यापक येतात आणि शिकवायला सुरुवात करतात. याला म्हणतात ‘अकादमिक पाव तास’. खिशात घड्याळं नव्हती त्या काळात चर्चच्या घंटेचे ठोके ऐकून विद्यार्थी निघायचे आणि पंधरा मिनिटांत वर्गात पोचायचे, त्याची ही आठवण. पण हा उशीर ढिलाईचा नव्हे. सव्वादहा म्हणजे सव्वादहाच.

दुसरा धक्का जिभेला बसतो. आपल्याकडे ‘सर’ आणि ‘मॅडम’शिवाय वाक्य सुरू होत नाही. तिथे प्राध्यापकाला नावानं हाक मारायची आणि ‘तू’ म्हणायचं. हे सनातन नाही बरं का. पूर्वी तिथेही हुद्दा जोडून बोलत, समोरच्याला तिऱ्हाईतासारखं संबोधत. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड हे सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले, आणि आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘तू’ म्हणणार, त्यांनीही आपल्याला तसंच म्हणावं, असं त्यांनी जाहीर केलं. वारं आधीपासून वाहतच होतं. थोड्याच वर्षांत सगळा देश ‘तू’वर आला. वऱ्हाडी पोराला पहिले काही आठवडे तो ‘तू’ घशातच अडकतो. मग एक दिवस तो प्राध्यापकाला म्हणतो, ‘तुझं म्हणणं मला पटत नाही’, आणि प्राध्यापक खुर्ची ओढून ऐकायला बसतो. त्या एका क्षणासाठी एवढा प्रवास करावा, असं खात्रीनं म्हणता येईल.

राहणं बहुतेकदा विद्यार्थी इमारतीत. फ्लूग्स्ता नावाच्या वस्तीत एका मजल्यावर बारा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर असतं. फ्रिजमधला एक कप्पा आपला. मोहरी तडतडली, लसणाचा धूर झाला की छतावरचा धुराचा भोंगा कोकलतो, आणि चून करणाऱ्याला आधी खिडकी उघडायची सवय लागते. ज्वारीचं पीठ सहज मिळत नाही, मग राय नावाच्या धान्याच्या पिठाची भाकरी थापून पाहायची. ती तुटते. थोडी कणीक मिसळली की जमते. कपडे धुण्याचं यंत्र तळघरात, सगळ्या इमारतीचं मिळून. आपली वेळ आधी नोंदवायची आणि ती संपायच्या आत यंत्र रिकामं करायचं. तिथे शेजाऱ्यांची भांडणं झालीच तर याच खोलीवरून होतात.

गावात तेरा ‘नेशन’ आहेत, म्हणजे प्रांताप्रांतांच्या नावानं शतकांपूर्वी निघालेली विद्यार्थी मंडळं. २०१० पर्यंत सभासदत्व सक्तीचं होतं, आता ऐच्छिक आहे. स्वस्त जेवण, वाचनालय, गाण्याचा संघ, सगळं विद्यार्थीच चालवतात. भांडी घासायला गेलं की ओळखी होतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. त्या पंगतीची गोष्ट ऐकत वाढलेल्याला नेशनचं स्वयंपाकघर लवकर आपलं वाटतं.

एक अडचण मात्र आधीच सांगायला हवी. स्वीडनमध्ये वर्षभर किंवा अधिक राहणाऱ्यालाच व्यक्ती क्रमांक मिळतो. तो नाही तर बँकेची डिजिटल ओळख नाही, आणि ती नाही तर फोनवरून पैसे देण्याचं ‘स्विश’ नाही. एका सत्राचा पाहुणा या रेषेच्या अलीकडेच राहतो. इथे चहाच्या टपरीवर यूपीआयनं दहा रुपये देणारा पोरगा तिथे मित्राचे जेवणाचे पैसे परत करायला नोट शोधतो, आणि नोटा तर त्या देशात जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून परदेशात चालणारं कार्ड इथूनच घेऊन जावं.

आणि अंधार. २१ डिसेंबरला अमरावतीत जवळपास अकरा तास दिवस असतो, उप्सालात जेमतेम सहा. सकाळी पावणेनऊनंतर सूर्य उगवतो, पावणेतीनला मावळतो. झोप बिघडते, मन उदास होतं, घरी फोन करताना रडू येतं. यात लपवण्यासारखं काही नाही, स्वीडिश माणसांनाही हे होतं. म्हणून ती घराच्या खिडक्यांत कागदी तारे लावतात, १३ डिसेंबरला डोक्यावर मेणबत्त्या घेऊन लुसियाचा सण करतात आणि दुपारी ऊन असेल तेवढा वेळ बाहेर पडतात. विद्यार्थ्यानंही तेच करावं, बारा ते दोन खोलीत बसू नये.

वसंताच्या सत्रात मात्र पारडं फिरतं. ३० एप्रिलला वाल्बोर्ग येतो, वसंताच्या स्वागताचा दिवस. सकाळी विद्यार्थी स्वतः बांधलेले तराफे घेऊन फ्यूरिस नदीत उतरतात, दुपारी तीनला ग्रंथालयासमोर हजारो पांढऱ्या टोप्या हवेत हलतात, संध्याकाळी होळ्या पेटतात. आपली होळी महिना-दोन महिने आधी होऊन गेलेली असते. अकोल्यात तेव्हा कूलरच्या टाकीत पाणी भरणं चालू असतं. एरवीही रोज रात्री दहाला फ्लूग्स्तात एक जुनी प्रथा पाळतात. खिडक्या उघडतात आणि मुलं जिवाच्या आकांतानं ओरडतात, एका इमारतीतून दुसरीला उत्तर जातं. अभ्यासाचा ताण असा बाहेर काढायचा. उन्हाळ्यात अकोल्यात त्या वेळी रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि घरची माणसं गच्चीवर झोपलेली असतात.