जुगाराचे कायदे आणि पोकरचा खेळाडू

नळराजा द्यूतांत राज्य हरला, आणि पुढें ऋतुपर्णापासून अक्षविद्या शिकून तेंच राज्य त्यानें द्यूतांतच परत मिळविलें, ही कथा श्रोत्यांस ठाऊक आहेच. राजा तोच, खेळ तोच. अधिक आली ती विद्या. जुगार दैवाचा कीं विद्येचा, हा वाद इतका जुना आहे. मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळणाऱ्याचें भवितव्य याच वादावर पुष्कळ काळ टांगलेलें होतें.

या खेळाच्या प्रचलित प्रकारांत प्रत्येक गड्याच्या हातीं दोन पानें झांकलेलीं असतात व पांच पानें सर्वांसमक्ष उघडलीं जातात. पानें कोणतीं यावीं हें दैवाधीन. पण पैसे किती लावावे, डाव केव्हां सोडावा, हलक्या पानांवर हूल देऊन समोरच्यास माघार केव्हां घ्यावयास लावावी, हें गड्याच्या हिशेबावर व धैर्यावर अवलंबून. नवशिका एखाद्या रात्रीं जिंकेल; हजार डावांत त्याचा टिकाव लागणें कठीण.

मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ १३ व्या कलमान्वयें मोकळे ठेवले. परंतु पोकर त्यांत बसतो कीं नाहीं, याचें उत्तर प्रांतागणिक निराळें मिळालें. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानें पोकरला नांव घेऊन जुगारांतून वगळलें; नागालँडनें २०१६ सालीं त्यास परवाने देण्याची सोय केली; तर गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ सालीं तो जुगारच ठरविला. कलकत्त्यास जो खेळाडू, तोच अहमदाबादेस जुगारी!

मध्यंतरीं सरकारनें करही बसविला. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर शेंकडा ३० प्राप्तिकर मुळाशींच कापला जाऊं लागला, आणि त्याच वर्षीं १ ऑक्टोबरपासून खेळासाठीं भरलेल्या संपूर्ण रकमेवर शेंकडा २८ वस्तु व सेवा कर आला. कौटिल्यासही यांत नवल वाटलें नसतें. त्यानें द्यूताध्यक्ष नेमून जिंकणाऱ्याकडून शेंकडा ५ घेण्यास सांगितलेंच आहे.

मग ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळण्याच्या बाबतींत कौशल्य व दैव हा भेदच पुसून टाकला. असा खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला. पैशांची देवघेव करून देणाऱ्यासही तीच शिक्षा. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाहीं. १८८७ चा कायदा अड्ड्यावर सांपडलेल्या गड्यासही पकडीत असे. हा नवा कायदा त्यास अपराधी न मानतां नाडलेला मानतो. हें योग्यच झालें. हा निर्बंध ऑनलाइन खेळापुरता असल्यानें पणजीस मांडवीच्या पात्रांतील परवानाधारक कॅसिनोच्या जहाजांवरील टेबलें त्यांतून सुटलीं, हा भाग वेगळा.

परंतु शिक्षा नाहीं म्हणजे संरक्षण आहे असें नव्हे. कायदा होतांच देशांतील मोठ्या कंपन्यांनीं पैशांचे डाव बंद केले. ज्याची खोड सुटली नाहीं तो परदेशांतून चालणाऱ्या डावांकडे वळला, तर तेथें त्याचे पैसे अडकवून ठेवणाऱ्यास जाब कोण विचारणार? १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या ३० व्या कलमानें पैजेचा करार निरर्थक आहे, जिंकलेली रक्कम दावा लावून मिळत नाहीं. मुंबई इलाख्यानें तर १८६५ सालींच याहून पुढें जाऊन, पैजेच्या साहाय्यार्थ केलेले करारही निरर्थक ठरविले होते. तेव्हां मुलानें डावासाठीं मित्राकडून उसने घेतले तर त्या मित्रासही न्यायालयाची वाट मोकळी नाहीं. तें कर्ज चुकतें तें बहुधा घरांतल्या दागिन्यांतून, आणि त्याची नोंद कोणत्याही कायद्याच्या दप्तरीं होत नाहीं.