डिझेलची गाडी की पेट्रोलची? आधी खेपा मोजा

(वैराग, ता. बार्शी येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी उरकली, ज्वारीची मळणी झाली, की गावोगावी पारावर एक विषय हमखास निघतो. गाडी घ्यायची. एकजण म्हणतो, डिझेलची पिकअप घ्या, ओढायला दणकट. दुसरा म्हणतो, पेट्रोलची घ्या, स्वस्तात मिळते आणि दुरुस्तीची कटकट कमी. तिसरा म्हणतो, घ्यायचीच तर चारही चाकांना ओढ असलेली घ्या, आपल्या काळ्या रानातून दुसरी गाडी निघायची नाही. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण तिघांपैकी एकानेही वही-पेन्सिल हातात घेतलेली नसते. आम्ही चार-सहा जणांनी बसून हिशेब केला, तो आज तुमच्यापुढे मांडतो. आमचे आकडे पटले नाहीत तर खुशाल तुमचे घाला. हिशेबाची रीत मात्र सोडू नका.

पेट्रोलवर चालणारी आणि चिखलातून निघणारी गाडी आपल्या देशाला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप पेट्रोलचीच होती आणि तिच्या चारही चाकांना ओढ होती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत तीच जीप जोडायला सुरुवात केली. पुढे १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले आणि पेट्रोल कडाडले. तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी जीपचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवले, आणि मग कंपन्यांनीच डिझेलच्या जीप काढल्या. गाडीत काही खोट नव्हती. टाकी भरणे परवडेना, एवढेच कारण.

आज अमेरिकेतल्या शेतकऱ्याची पेट्रोलवरची दांडगी पिकअप आपली पोरे मोबाइलवर बघतात. तिकडे पेट्रोल बहुधा डिझेलपेक्षा स्वस्त असते. आपल्याकडे उलटे आहे. आपल्या बाजारात माल वाहणारी पिकअप चारही चाकांच्या ओढीची हवी म्हटले तर ती डिझेलचीच मिळते. थार, जिम्नी या पेट्रोलवर मिळतात, पण त्या माणसे बसवायच्या गाड्या. त्यांत ज्वारीची पोती भरता येत नाहीत. म्हणजे आपल्यापुढची खरी निवड अशी: एकीकडे दीड टन माल नेणारी डिझेल पिकअप, दुसरीकडे पाऊण टन माल नेणारी छोटी पेट्रोल गाडी. टाटाचा ‘छोटा हत्ती’ २००५ साली आला तो डिझेलवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे धुराचे नियम लागू झाले, त्या सुमारास तो पेट्रोलवरही मिळू लागला. मारुतीच्या छोट्या मालगाडीचे डिझेल इंजिन तर याच नियमांमुळे बंद झाले.

आता हिशेब. वैरागहून बार्शीचा बाजार जाऊन-येऊन ४४ किलोमीटर धरा. मार्च २०२४ च्या कपातीनंतर आपल्याकडे डिझेल ९० रुपयांच्या आणि पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास राहिले, तेच धरू. भरलेली डिझेल पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते आणि छोटी पेट्रोल गाडी १५ देते असे समजू. डिझेलच्या गाडीला एका खेपेला ३३० रुपयांचे तेल लागते, पेट्रोलच्या गाडीला ३०५ रुपयांचे. खेपेचा खर्च जवळपास सारखाच. पण पहिलीत १५ क्विंटल माल गेला, दुसरीत साडेसात. क्विंटलमागे डिझेलला २२ रुपये पडले, पेट्रोलला ४१. गाडी भरून जाणार असेल तर डिझेलने बाजी मारली, यात वाद नाही.

इथेच बहुतेक लोक वही मिटतात आणि कर्जाच्या कागदावर सही करतात. आम्ही पान उलटले.

डिझेलची गाडी रस्त्यावर येईपर्यंत १० लाख रुपये लागले असे धरा. शेकडा १० ने वर्षाचे व्याज १ लाख. दहा वर्षांत गाडी झिजते, तिची झीज वर्षाला १ लाख. विमा, टायर, पासिंग, दुरुस्ती मिळून ५० हजार. म्हणजे गाडी दारात नुसती उभी राहिली तरी वर्षाला अडीच लाख रुपये खाते. आता बार्शीच्या खेपेचे भाडे १,२०० रुपये धरा. त्यातून तेलाचे ३३० आणि ड्रायव्हरचे ३०० गेले, राहिले ५७०. अडीच लाखाला ५७० ने भागा. वर्षाला सुमारे ४४० भरलेल्या खेपा झाल्या तर गाडी बरोबरीत सुटते. नफा त्याच्या पुढे.

आणि आपला माल किती? कोरडवाहू वीस एकराचा धनी. पाऊस बरा झाला, कीड पडली नाही, तर ज्वारी, कापूस, तूर सगळे मिळून १०० क्विंटल धरू. या १०० क्विंटलच्या खेपा होतात सात. एकीकडे सात खेपा आणि दुसरीकडे ४४०. तुम्हीच सांगा, या माणसाने डिझेल-पेट्रोलचा वाद कशासाठी घालायचा? सात खेपांचे भाडे ८,४०० रुपये होते. तेवढ्यासाठी अडीच लाखांचा खड्डा कुणी खणू नये. गाडी कंपनीने विकली, व्याज सावकाराने घेतले, तेलावरचा कर सरकारने घेतला, आणि उत्पादन खर्चात मात्र शेतकऱ्याने हे कुठेच धरले नाही. ‘दारात गाडी आहे’ एवढ्या समाधानावर पोरीच्या लग्नाचा पैसा हप्त्यात गेलेला आम्ही पाहिला आहे.

मग गाडी कुणीच घेऊ नये का? तसे आम्ही म्हणत नाही. गाव-दोन गावांचे भाडे मारून त्याच धंद्यावर जगायचे ज्या पोराने ठरवले आहे, त्याने डिझेलची पिकअप घ्यावी. तो स्वतः चालवील, येताना खत, सिमेंट, किराणा भरून आणील, त्याच्या ४४० खेपा होतील. ज्याच्या घरचे दूध आणि भाजी मिळून रोज तीन-चार क्विंटल माल बारा महिने बाहेर जातो, त्याने पेट्रोलची छोटी गाडी घ्यावी. तिची किंमत ६ लाख धरली तर उभ्याचा खर्च वर्षाला १ लाख ६० हजार, म्हणजे दिवसाला ४३८ रुपये. तेल ३०५. एकूण ७४३. तोच थोडा माल डिझेलच्या गाडीने रोज नेला तर दिवसाला १,०१५ रुपये पडतात, आणि अर्धा हौदा रिकामा पळतो.

थोड्या अंतराच्या फेऱ्यांना डिझेल न घेण्याचे आणखी एक कारण आहे. बीएस-६ च्या बहुतेक डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. वस्तीवरून गावात आणि गावातून वस्तीवर एवढेच फिरवले तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गाडीचा जोर कमी होतो. आमच्यातल्या एकाने तो दिवा दोन महिने पाहिला आणि सोडून दिला. नंतरच्या दुरुस्तीच्या बिलात त्याची बैलजोडीची अर्धी किंमत गेली. जाळी जळते तेव्हा खालचा भाग भलताच तापतो. अशी गाडी वाळलेल्या कडब्यावर किंवा पाचटावर उभी करू नका. ट्रॅक्टरसाठी पिंपात साठवलेले, पाणी आणि कचरा बसलेले डिझेलही या नव्या इंजिनात ओतू नका. जुने इंजिन ते पचवत होते, नवे पचवत नाही. पेट्रोलचेही एक सांगून ठेवतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यात ताकद थोडी कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे घटते, आणि ते पाणी ओढून घेते. डब्यात साठवून ठेवण्याजोगे ते राहिलेले नाही.

आता चिखलाचे बघू. चारही चाकांच्या ओढीसाठी जास्तीचे पैसे मोजायचे का? आपला माल कधी निघतो ते आठवा. कापूस दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, रब्बी ज्वारी फाल्गुन-चैत्रात. तेव्हा रान कडक असते, पाणंदीत धूळ उडते. चिखल असतो मृग ते हस्त, आणि आपल्याकडे मोठा पाऊस भाद्रपदाच्या आगेमागेच पडतो. तेव्हा निघतो उडीद, मूग, सोयाबीन आणि दूध. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होते. मग चारही चाके फिरली तरी चारही जागच्या जागी फिरतात. अशा वेळी बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने माल डांबरीवर आणायचा आणि तिथे गाडी भरायची, हीच आपली रीत आहे आणि तीच स्वस्त आहे.

खरे दुखणे गाडीचे नाही, रस्त्याचे आहे. शहरातल्या माणसाला दुकानापर्यंत डांबर मिळते. शेतकऱ्याने मात्र रस्ता नाही म्हणून रणगाड्यासारखी गाडी घ्यायची आणि तिचा हप्ता ज्वारीतून फेडायचा! रस्ता मागायला कायदा आहे, तो वापरा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. २०२१ साली राज्य सरकारने रोजगार हमीतून पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. आपल्या पाणंदीचे नाव ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आहे का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा.

शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. पाच क्विंटल ज्वारी घेऊन एकटा शेतकरी पिकअप ठरवतो तेव्हा १,२०० रुपये भाडे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसते. क्विंटलला २४० रुपये. तेवढे परवडत नाही म्हणून तो गावातल्याच व्यापाऱ्याला माल देतो, आणि व्यापारी ते ओळखून भाव पाडतो. शेजारचे दोघे आणखी पाच-पाच क्विंटल घेऊन आले तर तेच भाडे क्विंटलला ८० रुपये पडते. एका निरोपात क्विंटलमागे १६० रुपये वाचले. डिझेल आणि पेट्रोलमधला फरक होता १९ रुपयांचा! पोत्यांवर ज्याची त्याची खूण करा, वजन आणि हिशेबपट्टी प्रत्येकाची वेगळी घ्या, म्हणजे भांडण राहत नाही. कापसाला मात्र वजनापेक्षा जागा जास्त लागते. तिथे क्विंटल धरू नका, हौदा मोजा आणि फळ्या उंच लावता येतात का ते बघा. आणि भावांनो, हौद्यात मजूर बायाबापड्या बसवू नका. अपघात झाला तर मालगाडीचा विमा त्यांच्या कामी येईलच असे नाही. मग भरपाई आपल्या सातबाऱ्यावर चढते.

एक जुनी गोष्ट तरुणांना ठाऊक नसेल. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. गाडी असो वा नसो, कापूस कुठे विकायचा हे सरकार ठरवत होते. आता बार्शी, सोलापूर की आणखी कुठे, हे आपण ठरवू शकतो. पण एका भरलेल्या गाडीएवढा माल एकत्र केल्याशिवाय ते ठरवणे कागदावरच राहते.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या तीन वर्षांच्या हिशेबपट्ट्या आणाव्यात. किती क्विंटल, किती खेपा, भाडे किती, आणि गाडी अर्धी गेली की भरून, एवढे चार रकाने भरा. प्रत्येक गावाची बेरीज आपण इथेच करू. ज्या गावाच्या खेपा ४४० च्या जवळ जातील, त्या गावातल्या एखाद्या होतकरू पोराला गाडी घ्यायला सांगू आणि सगळ्यांनी माल त्याच्याच गाडीत भरायचा शब्द देऊ. ज्यांच्या जाणार नाहीत, त्यांनी भाडे वाटून घ्यावे आणि हप्त्याचे पैसे विहिरीत, बियाण्यात, पोरांच्या शिक्षणात घालावेत.

पट्ट्या फाडल्या असतील तर अडत्याकडे जा आणि नक्कल मागून आणा.