चार मिलिमीटरची बाजू
बडनेऱ्याच्या राम मेघे कॉलेजातल्या पोरांनो, एक हिशेब करा. पार्टची डेटम बाजू फक्त 4 मिलिमीटर. तिच्या दोन टोकांत प्रोबनं 2 मायक्रॉन चूक केली, तर 20 मिलिमीटर दूरचं भोक 10 मायक्रॉन सरकलेलं दिसतं. चांगला माल रिजेक्ट! म्हणून डिझाइनवाल्याशी आधीच भांडा, लांब डेटम मागा.

वेडावाकडा बारका पार्ट व्हाइसमध्ये आवळला की वाकतो. मी मेणावर बसवतो. आपल्या वऱ्हाडी उन्हात मेण वितळेल म्हणता? अहो, सीएमएमची खोली 20 अंशांवर असते, म्हणजे असायला पाहिजे. पार्टही तिथं निवू द्या. शेवटी डेटम परत मोजा. आकडा बदलला, तर पार्ट हलला असं समजा. पुन्हा बसवा, पुन्हा मोजा.